रॅब आणि स्नेअरवर काम सुरू करताय? आधी माल कुठे अडकतो ते बघायला शिका

लॅबमध्ये नवीन आलेल्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींना बऱ्याचदा पहिल्याच आठवड्यात एखादं रॅब (माल योग्य ठिकाणी पोचवायला लागणारं चालू-बंद होणारं प्रोटीन) नाहीतर स्नेअर (दोन मेम्ब्रेन एकमेकींत मिसळवणारं प्रोटीन) हातात दिलं जातं, "याचं लोकलायझेशन बघून ये" म्हणून सांगितलं जातं, मग ती तासन्‌तास मायक्रोस्कोपला डोळे लावून हिरवे ठिपके बघत बसतात, ठिपके कुठे आहेत ते समजतं पण ते तिथे करतायत काय ते काही समजत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितोय. सस्तन प्राण्यांच्या पेशीत व्हेसिकल, म्हणजे माल नेणारी मेम्ब्रेनची बारीक पिशवी, कुठून सुटतं, कुठे जातं आणि तिथल्या मेम्ब्रेनमध्ये कसं मिसळतं, हे सांभाळणाऱ्या प्रोटीनवर काम करायचं तर कुठून सुरुवात करायची आणि पुढे काय क्रमाने जायचं, एवढाच विषय. आणि सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या: प्रोटीन कुठे बसलंय यापेक्षा ते काढून घेतल्यावर माल नेमका कुठे अडकतो, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

हे फील्ड उभं राहिलंच मुळी या प्रश्नावर. १९७९ साली बर्कलेत पीटर नोविक आणि रँडी शेकमन यांनी यीस्टचे असे म्युटंट शोधले की जे थंडीत नीट वागतात आणि ३७ डिग्रीला नेले की त्यांचं सिक्रीशन बंद पडतं, वर्षभरात अशी २३ जीन्स झाली, आणि मग प्रत्येकात माल कुठे तुंबलाय ते बघून कुठलं जीन कुठल्या टप्प्याचं ते लावलं गेलं. काहींमध्ये ईआर (बाहेर जाणारी प्रोटीनं जिथे बनतात ते जाळं) फुगला, काहींमध्ये व्हेसिकलं बनली पण नुसती साचून राहिली. तिकडे जेम्स रॉथमन यांनी सस्तन पेशींचं गॉल्जी (ईआरमधून आलेला माल पुढे वाटणारं ठिकाण) चक्क टेस्ट ट्यूबमध्ये चालवून दाखवलं, एनईएम नावाचं केमिकल टाकलं की ते बंद पडायचं, म्हणून त्या केमिकलला बळी पडणारं प्रोटीन त्यांच्या लॅबने १९८८ मध्ये शुद्ध केलं, तेच एनएसएफ. पुढच्याच वर्षी कळलं की हे एनएसएफ आणि यीस्टचं सेक१८ (त्या २३ पैकी एक) एकाच घरातलं. थॉमस सुडॉफ यांनी न्यूरॉनमध्ये कॅल्शियम हे सगळं वेळेवर कसं सुरू करतं ते उलगडलं, आणि २०१३ चं मेडिसिनचं नोबेल तिघांना मिळून गेलं. एवढा इतिहास पुरे, पण एनएसएफची गोष्ट विसरू नका, खाली लागणार आहे.

पहिली पायरी: प्रवासाचे चार टप्पे तोंडपाठ करा

व्हेसिकल सुटणं, वाहून नेणं, मुक्कामी धरून ठेवणं आणि फ्यूज होणं. तुम्हाला मिळालेलं प्रोटीन या चारातल्या कुठल्या टप्प्यावर काम करत असेल याचा अंदाज प्रयोगाआधी वहीत लिहून ठेवा, चुकला तरी चालेल.

सुटायच्या वेळी कोट, म्हणजे मेम्ब्रेनला वाकवून पिशवी करणारं प्रोटीनचं आवरण, लागतो. ईआरमधून गॉल्जीकडे जाताना कॉप-टू, आणि त्याला बसवणारं छोटं जीटीपेज (जीटीपी धरलं की चालू होणारं प्रोटीन) म्हणजे सार१. गॉल्जीतून मागे ईआरकडे येताना आणि गॉल्जीच्या थरांमध्ये कॉप-वन, त्याला आर्फ१ बसवतं. पेशीच्या बाहेरच्या मेम्ब्रेनवर आणि ट्रान्स-गॉल्जीवर क्लॅथ्रिन, बाहेरच्या बाजूला अॅडाप्टर एपी२ आणि गॉल्जीला एपी१. क्लॅथ्रिनवाल्या कळीची मान शेवटी डायनामिन आवळून तोडतं, आणि याच तोडण्याच्या कामावर आपल्या पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांच्या गटाने लिपिडच्या बारीक नळ्यांवर फार सुंदर काम केलंय, जमलं तर ते पेपर जरूर वाचा, शुद्ध प्रोटीन आणि शुद्ध मेम्ब्रेन घेऊन प्रश्न कसा सोडवायचा याचा नमुना आहे.

वाहून न्यायला कायनेसिन, डायनीन, मायोसिन या मोटर. मुक्कामी धरून ठेवायला टेदर, म्हणजे ईईए१ सारखी लांबलचक प्रोटीनं किंवा एक्सोसिस्ट, हॉप्स अशी अनेक भागांची कॉम्प्लेक्स. आणि शेवटी फ्यूजनला स्नेअर. रॅब मात्र एका टप्प्यात बसत नाही, ते या सगळ्यांना बोलावणारं आहे, म्हणून रॅबच्या प्रयोगाचा अर्थ लावणं जास्त अवघड जातं.

दुसरी पायरी: नकाशा, म्हणजे मार्कर

मार्कर म्हणजे पेशीतल्या एकेका ठिकाणाची ओळख पटवणारं प्रोटीन, त्यांचा एक तक्ता करून बेंचसमोर चिकटवा. ईआरला कॅलनेक्सिन, ईआर आणि गॉल्जीच्या मधल्या ठाण्याला अर्गिक-५३, सिस-गॉल्जीला जीएम१३०, ट्रान्स-गॉल्जीला टीजीएन४६, अर्ली एंडोसोमला (बाहेरून आत आलेला माल आधी जिथे जमतो) ईईए१, लेट एंडोसोम आणि लायसोसोमला (माल मोडीत काढणारं ठिकाण) लॅम्प१. टीजीएन४६ च्या बहुतेक अँटिबॉडी माणसाच्या पेशींतच चालतात, उंदराच्या पेशींत काही दिसलं नाही म्हणून गॉल्जी गायब झालं असं समजू नका.

सुरुवात करायला हीला किंवा कॉस-७ सारख्या पसरट पेशी घ्या, हेक पेशी ट्रान्सफेक्ट छान होतात पण गोलमटोल असतात आणि त्यात सगळं एकावर एक दिसतं. पेशी कुठून आणायच्या तर पुण्याच्या एनसीसीएसची (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राची) सेल रिपॉझिटरी आहेच, शेजारच्या लॅबमधून अर्धा फ्लास्क मागून आणण्यापेक्षा तिथून घ्या आणि आल्या आल्या मायकोप्लाझ्मा टेस्ट करून घ्या.

तिसरी पायरी: रॅबचा स्विच समजून घ्या

माणसात साठाहून जास्त रॅब आहेत, सगळी पाठ करायची गरज नाही. रॅब१ ईआर-गॉल्जी, रॅब६ गॉल्जी, रॅब५ अर्ली एंडोसोम, रॅब७ लेट एंडोसोम, रॅब४ लवकर परत पाठवणारं, रॅब११ सावकाश परत पाठवणारं, रॅब२७ए आणि रॅब३ बाहेर टाकण्याच्या शेवटच्या टप्प्यावर. एवढ्याने पहिलं वर्ष निघतं.

जीटीपी धरलं की रॅब चालू, जीडीपी धरलं की बंद. चालू करणारी प्रोटीनं म्हणजे जीईएफ, बंद करणारी म्हणजे गॅप, आणि बंद झालेल्या रॅबला मेम्ब्रेनमधून उपटून सायटोसोलमध्ये सांभाळणारं जीडीआय. रॅबच्या शेपटीला (सी-टर्मिनसला) लिपिड जोडलं जातं आणि त्या लिपिडनेच ते मेम्ब्रेनला चिकटतं. यातून एक अगदी व्यवहाराची गोष्ट निघते: रॅबला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) लावायचं असेल तर डोक्याकडे (एन-टर्मिनसला) लावा, शेपटीकडे कधीच नाही. शेपटीचे सिस्टीन झाकले गेले की लिपिड लागत नाही, मग सगळं जीएफपी पेशीभर धुरासारखं पसरलेलं दिसतं आणि लोक "माझं रॅब सायटोसोलिक आहे" असं लिहून मोकळे होतात.

म्युटंट दोन तरी मागवून ठेवा. रॅब५ चा क्यू७९एल हा चालूवर अडकलेला, त्याने एंडोसोम एकमेकांत फ्यूज होत होत मोठे फुगे होतात, साध्या मायक्रोस्कोपवरही दिसतात, आणि एस३४एन हा बंदवर अडकलेला, त्याने हेच फ्यूजन थंडावतं. नवख्या माणसाने पहिला प्रयोग हाच करावा असं मला वाटतं कारण यात निकाल डोळ्यांना स्वच्छ दिसतो आणि हात बसतो. एक सावधगिरी: साधं वाइल्ड टाइप रॅब५ सुद्धा खूप जास्त व्यक्त झालं तर एंडोसोम फुगतात, म्हणून सगळ्यात झगझगीत पेशींचे फोटो काढायचा मोह टाळा, मंद पेशी निवडा.

चौथी पायरी: स्नेअर, आणि नावांचा घोळ

१९९३ मध्ये रॉथमन यांच्या लॅबने गाईच्या मेंदूतून एनएसएफच्या साथीदाराला चिकटणारी प्रोटीनं काढली तेव्हा हाती आली ती सिन्टॅक्सिन, स्नॅप-२५ आणि व्हॅम्प. व्हॅम्प व्हेसिकलवर, बाकी दोन मुक्कामाच्या मेम्ब्रेनवर. चार हेलिक्स, त्यातल्या दोन एकट्या स्नॅप-२५ च्या, एकमेकींत गुंफत जातात, एका टोकाकडून चेन लागत यावी तशा, आणि दोन्ही मेम्ब्रेन ओढून एकमेकींना भिडवतात. १९९८ मध्ये याची क्रिस्टल रचना आली आणि त्याच वर्षी कृत्रिम लायपोसोममध्ये नुसती स्नेअर घालूनही फ्यूजन होतं हे दाखवलं गेलं. गुंफणाच्या मधोमध तीन ग्लुटामिन आणि एक आर्जिनिन असतं, त्यावरून क्यू-स्नेअर आणि आर-स्नेअर अशी वाटणी करतात, व्हॅम्प बहुतेक आर बाजूला.

आता घोळ. अल्फा-स्नॅप आणि स्नॅप-२५ यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही, नाव योगायोगाने सारखं पडलंय. अल्फा-स्नॅप हे एनएसएफचं मदतनीस, आणि दोघं मिळून वापरलेल्या स्नेअरची घट्ट गुंफण एटीपी खर्चून सोडवतात म्हणजे पुढच्या वेळी तीच स्नेअर पुन्हा कामाला येतात. एनएसएफ बंद पडलं की थोड्याच वेळात मोकळी स्नेअर संपतात आणि सगळीकडचं फ्यूजन थांबतं, म्हणून एनईएमने सगळं बंद पडायचं. ऑर्डर देताना कॅटलॉगमध्ये हे दोन स्नॅप नीट तपासा.

हीलासारख्या पेशींत स्नॅप-२५ नसतंच म्हणावं इतकं कमी, तिथे स्नॅप-२३ काम करतं. व्हॅम्प२ च्या जोडीला व्हॅम्प३ असतं. सिन्टॅक्सिन१ न्यूरॉनचं आहे, ते एकटंच हीलात टाकलं तर बरंचसं ईआर-गॉल्जीकडेच अडकून बसतं, सोबत मंक१८ (सिन्टॅक्सिनला धरून सांभाळणारं प्रोटीन) दिलं की बाहेरच्या मेम्ब्रेनवर पोचतं. ज्यांना पहिल्या महिन्यात हे कुणी सांगत नाही त्यांचे किती दिवस वाया जातात हे मी बघितलंय.

सिन्टॅक्सिन आणि व्हॅम्प दोन्ही शेपटीने मेम्ब्रेनमध्ये रुतलेली, त्यामुळे टॅग सायटोसोलमध्ये हवा असेल तर डोक्याकडेच. व्हॅम्पच्या शेपटीला लावलेला टॅग व्हेसिकलच्या आत जातो, आणि नेमका हाच फायदा पीएच-फ्लुओरिन वापरताना घेतात, व्हेसिकलच्या आत आम्ल असतं म्हणून तो विझलेला, फ्यूजन होऊन बाहेरच्या माध्यमाशी संपर्क आला की लखकन पेटतो.

पाचवी पायरी: ट्रान्सफेरिनचा प्रयोग, हा शांतपणे करा

ट्रान्सफेरिन म्हणजे लोह वाहणारं प्रोटीन, ते रिसेप्टरला चिकटून पेशीत शिरतं आणि लोह देऊन परत बाहेर येतं. माझ्या मते रॅब किंवा स्नेअर कुठलंही असो, पहिला फंक्शनल प्रयोग हाच असावा. स्वस्त आहे, एका दिवसात होतो, आणि माल कुठे थांबला ते मिनिटांच्या हिशोबात कळतं.

पेशी कव्हरस्लिपवर साठ-सत्तर टक्के भरू द्या. सीरमशिवायच्या मीडियात, थोडं बीएसए घालून, अर्धा ते एक तास ठेवा म्हणजे रिसेप्टरवर आधीच बसलेलं ट्रान्सफेरिन निघून जाईल. मग प्लेट बर्फावर, रंगीत ट्रान्सफेरिन अर्धा तास. बर्फावर ते रिसेप्टरला चिकटतं पण आत जात नाही, कारण थंडीत एंडोसायटोसिस (पेशीने माल आत ओढून घेणं) थांबतं, म्हणजे सगळ्या पेशींची सुरुवात एकाच रेषेवरून होते. थंडगार पीबीएसने धुवा, बर्फासारखंच थंड हवं, खोलीच्या तापमानाचं नाही. मग आधीच ३७ डिग्रीला तापवून ठेवलेलं मीडिया, ज्यात बिनरंगाचं ट्रान्सफेरिन भरपूर घातलंय, ते टाका आणि शून्य, २, ५, १५, ३० मिनिटांना कव्हरस्लिप काढून लगेच चार टक्के पीएफएमध्ये, म्हणजे पेशी आहेत तशाच पक्क्या होतात.

नॉर्मल पेशीत काय दिसायला हवं ते आधी माहीत पाहिजे. शून्याला कडेने रेघ. पाच मिनिटांत पेशीभर विखुरलेले ठिपके, ईईए१ वर बसणारे. पंधराच्या आसपास न्यूक्लियसजवळ एक गोळा, तो रॅब११ चा रिसायकलिंग एंडोसोम. तिसाव्या मिनिटाला बरंचसं बाहेर निघून गेलेलं, पेशी फिकट. आता तुमच्या प्रोटीनशिवाय बघा. शून्याची रेघ तशीच कडेला राहिली तर आत जाणंच अडलंय, डायनामिनचा के४४ए म्युटंट असंच करतो. कडेचे बारीक ठिपके तसेच राहिले तर अर्ली एंडोसोमशी फ्यूजन अडलंय. न्यूक्लियसजवळचा गोळा तिसाव्या मिनिटालाही लखलखत राहिला तर परतीचा रस्ता बंद आहे. एकाच प्रयोगात तीन वेगळी उत्तरं मिळतात आणि त्यासाठी कोलोकलायझेशनच्या (दोन प्रोटीन एकाच जागी किती दिसतात याच्या) आकड्यांत शिरावंही लागत नाही.

बाहेर चिकटून राहिलेलं ट्रान्सफेरिन काढायला लोक अॅसिड वॉश देतात आणि ते निघत नाही म्हणून वैतागतात. कारण सोपं आहे. आम्लात ट्रान्सफेरिन लोह सोडतं पण लोह गेलेलं ट्रान्सफेरिन आम्लातच रिसेप्टरला घट्ट धरून राहतं, ते सुटतं न्यूट्रल पीएचला, पेशीतसुद्धा नेमकं असंच होतं. म्हणून अॅसिड वॉशनंतर न्यूट्रल बफरचा वॉश द्यायलाच हवा, आणि त्यात लोह धरून ठेवणारं डिफेरॉक्सामिन घाला. सगळं बर्फावर.

परमिअॅबिलायझेशनसाठी (अँटिबॉडी आत जावी म्हणून मेम्ब्रेनला भोकं पाडायला) एंडोसोम बघताना सॅपोनिन ०.१ टक्का चांगलं, ट्रायटॉन जरा जोरकस पडतं. पण सॅपोनिनने पडलेली भोकं ते काढलं की पुन्हा बुजतात, त्यामुळे अँटिबॉडीच्या आणि धुण्याच्या प्रत्येक बफरमध्ये ते राहू द्या.

सोबत एक तुकडा ईजीएफचाही (पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या प्रोटीनचा) करा. ईजीएफ परत न जाता लायसोसोमकडे जातं, तासाभरात लॅम्प१ वर दिसतं. ट्रान्सफेरिन बिनसलं आणि ईजीएफ नीट गेलं, किंवा उलट झालं, की अर्धं उत्तर हातात आलं. दोन्ही बिनसले तर पेशीच मरायला टेकलेली नाहीये ना ते आधी बघा.

सहावी पायरी: बाहेर जाणारा रस्ता

प्रोटीन ईआर ते बाहेर या वाटेवरचं असेल तर जुनं भरवशाचं साधन म्हणजे व्हीएसव्ही व्हायरसच्या जी प्रोटीनचा टीएस०४५ म्युटंट. ४० डिग्रीला तो नीट घडी होत नाही म्हणून ईआरमध्ये अडकून राहतो, ३२ ला आणला की सगळा एकदम निघतो. २० डिग्रीला ठेवला तर ट्रान्स-गॉल्जीत थांबतो, १५ ला ईआर-गॉल्जीच्या मधल्या ठाण्यात. म्हणजे वॉटर बाथचा आकडा बदलून हव्या त्या स्टेशनवर माल उभा करता येतो, यापेक्षा सोयीचं काय असणार. तापमानाचा त्रास नको असेल तर २०१२ मध्ये आलेली रश सिस्टीम, त्यात माल स्ट्रेप्टअॅव्हिडिनच्या हुकाला अडकवलेला असतो आणि बायोटिन टाकलं की सुटतो. मीडिया बघून घ्या मात्र, साध्या डीएमईएममध्ये बायोटिन नसतं पण आरपीएमआयमध्ये असतं, त्यात वाढवलेल्या पेशींत माल आधीच गळत राहतो.

ब्रेफेल्डिन-ए ने गॉल्जी ईआरमध्ये मिसळून जातं कारण आर्फला चालू करणाऱ्या काही जीईएफ बंद पडतात. कंट्रोल म्हणून उत्तम, पण त्याच्यावरून तुमच्या प्रोटीनबद्दल फार मोठं विधान करू नका.

सातवी पायरी: काढून टाकणं आणि परत देणं

एसआयआरएनए (ठरावीक प्रोटीन बनू न देणारा छोटा आरएनए) दिल्यावर ४८ ते ७२ तास थांबा, ब्लॉटवर प्रोटीन खरंच कमी झालंय ते बघा, दोन वेगळ्या सिक्वेन्सने तोच परिणाम येतो का बघा, आणि मग एसआयआरएनएला न जुमानणारं प्रोटीन परत देऊन परिणाम पुसला जातो का ते बघा. परत दिल्याशिवाय मी तरी कुणाच्याच निकालावर विश्वास ठेवत नाही.

काहीच फरक दिसला नाही तर निराश होऊ नका, आधी भावंडं मोजा. रॅब५ चे ए, बी, सी तीन प्रकार आहेत, रॅब११ चे ए आणि बी, व्हॅम्प२ गेलं तर व्हॅम्प३ सांभाळून घेतं. एकट्याला काढून उपयोग नसतो.

स्नेअरमध्ये भावंडांना एकदम कापायची निसर्गाने दिलेली कात्री म्हणजे टिटॅनसच्या विषाची लाइट चेन. नुसती लाइट चेन प्लाझ्मिडवरून पेशीत व्यक्त केली की ती व्हॅम्प२ आणि व्हॅम्प३ दोन्ही कापते, व्हॅम्प७ ला हात लावत नाही. म्हणजे टिटॅनसने रस्ता बंद झाला तर २ किंवा ३, चालू राहिला तर ७ कडे संशय वळवायचा. बोट्युलिनम ए स्नॅप-२५ चं शेवटचं टोक, जेमतेम नऊ अमिनो अॅसिडचं, कापतं आणि तेवढ्याने न्यूरॉनचं सिक्रीशन बंद पडतं, बोटॉक्समागे हेच आहे. पण माणसाचं स्नॅप-२३ त्याला दाद देत नाही, तेव्हा हीलात ते वापरून काही मिळणार नाही.

आठवी पायरी: ब्लॉट करताना उकळा

छोटीच गोष्ट पण महत्त्वाची. पूर्ण गुंफलेलं न्यूरॉनचं स्नेअर कॉम्प्लेक्स एसडीएसला (प्रोटीन उलगडवणाऱ्या डिटर्जंटला) दाद देत नाही, नीट उकळलं नाही तर जेलवर सिन्टॅक्सिन त्याच्या जागी न येता वर कुठेतरी जाड पट्टा देतं. ९५ ते १०० डिग्रीला पाच मिनिटं उकळलं की सुटतं. याचाच उलटा उपयोग करा, एकाच लायसेटचे दोन भाग, एक उकळलेला, एक न उकळलेला, शेजारी शेजारी चालवा, वरचा पट्टा म्हणजे गुंफलेली स्नेअर आणि खालचा म्हणजे मोकळी. एनएसएफ कमी केलं की वरचा पट्टा वाढायला हवा.

नववी पायरी: डॉकिंग (व्हेसिकलचं मेम्ब्रेनला टेकणं) अडलं की फ्यूजन, हे वेगळं करा

बरेच लोक "सिक्रीशन कमी झालं" इथेच थांबतात, तिथे थांबू नका. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आजारांत मिळतं. ग्रिसेली सिंड्रोमच्या दुसऱ्या प्रकारात रॅब२७ए बिघडलेलं असतं, अशा मुलांचे केस चंदेरी असतात कारण रंगाच्या पिशव्या पेशीच्या कडेला धरून ठेवता येत नाहीत, आणि त्यांच्या किलर टी-पेशी शत्रूला मारू शकत नाहीत. दुसऱ्या एका आजारात, एफएचएलच्या (रोगप्रतिकारक पेशी अनावर होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) तिसऱ्या प्रकारात, मंक१३-४ बिघडतं आणि किलर पेशी तशाच लंगड्या पडतात. बाहेरून बघितलं तर टी-पेशीचं दुखणं एकच. पण आत बघितलं तर रॅब२७ए नसेल तेव्हा ग्रॅन्युल (शत्रूला मारायचा माल भरलेल्या पिशव्या) शत्रूच्या दिशेने येतात आणि मेम्ब्रेनला टेकतच नाहीत, आणि मंक१३-४ नसेल तेव्हा ते येऊन मेम्ब्रेनला टेकतात आणि तिथेच बसून राहतात, फ्यूज होत नाहीत. याच रस्त्यावर पुढे सिन्टॅक्सिन११ बिघडलं तर चौथा प्रकार, मंक१८-२ बिघडलं तर पाचवा. एकाच वाटेवरच्या या सगळ्या जागा डॉक्टरांनी आणि बायोलॉजिस्टनी मिळून रुग्ण मुलांच्या पेशींतून शोधल्यात, हे वाचताना आपलं काम किती जबाबदारीचं आहे ते कळतं.

तुमच्या लॅबमध्ये हा फरक बघायचा तर टिर्फ मायक्रोस्कोप लागतो, तो कव्हरस्लिपपासून साधारण १०० नॅनोमीटरपर्यंतचंच उजळवतो, म्हणजे मेम्ब्रेनजवळ आलेलीच व्हेसिकलं दिसतात. व्हॅम्पच्या शेपटीला पीएच-फ्लुओरिन आणि त्याच प्लाझ्मिडवर, त्याच व्हॅम्पच्या डोक्याला, एखादा आम्लाने न विझणारा लाल टॅग लावून घ्या, सेकंदाला निदान दहा फ्रेम घ्या. लाल ठिपका आलाच नाही तर वाहतूक किंवा टेदर बघा. लाल येऊन थांबला आणि हिरवा पेटला नाही तर डॉकिंग झालंय, फ्यूजन नाही, मग स्नेअर, मंक१८, मंक१३ यांच्याकडे वळा. आणि लाल थांबताच हिरवा पेटला तर तुमचं प्रोटीन या टप्प्याचं नाहीच, पाचव्या-सहाव्या पायरीवर परत जा आणि अलीकडच्या एखाद्या स्टेशनवर माल शोधा.